भिंगावरची लाट

कारखान्यात तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे आणि घरी सूनबाई. आता गंमत अशी की कारखान्यात ज्यांच्या कामाला ही वरच्या खोलीत बसून पास-नापास करायची, ते नाना तिचे सख्खे सासरे होते. सकाळी दोघं एकाच दारातून बाहेर पडत, एकाच बससाठी उभी राहत, आणि फाटकातून आत शिरली की नाना डावीकडे घासायच्या टेबलाकडे वळत आणि ही लोखंडी जिना चढून वर जाई. दुपारचा डबा मात्र एकच. त्यातली भाजी कशी झाली आहे यावर दोघांचं कधी एकमत झालं नाही, कारण ती कधी हिने केलेली असायची आणि कधी सासूबाईंनी, आणि कोणी केली हे ओळखल्याशिवाय नाना तोंड उघडत नसत. शहाणा माणूस!

कारखाना भिंगांचा. छोटासाच. चष्म्याची नव्हेत, डोळे तपासायच्या यंत्रांत बसतात ती भिंगं. साधं भिंग म्हणजे चेंडूचा काप, ते मशीनवर होतं. पण ह्या भिंगांचा बाक मधे एक आणि कडेकडे जाताना हळूहळू वेगळा होत जाणारा. मशीन त्यांना जवळपास आणून सोडायचं, आणि पुढचं जे काही राहिलं ते नानांच्या अंगठ्याने करायचं. अंगठ्याखाली डांबराचा रुपयाएवढा पॅड, त्यावर लाल भुकटीचं पाणी, आणि मग घासायचं. किती? तर पाच-सात फेऱ्या इकडे, दोन फेऱ्या तिकडे. पुसायला जुन्या सुती कपड्याचे तुकडे, तेही सासूबाईंनी घरी उकळून वाळवलेले, कारण नव्या कापडाने काचेला ओरखडे पडतात. नानांच्या टेबलावर कोणी पेन्सिलीला टोक काढलं तर नाना तिथून उठून जायचे आणि टेबल धुतल्याशिवाय परत बसायचे नाहीत.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग नवं यंत्र आलं.

नवं मोजणीयंत्र म्हणजे काळ्या दगडाचं एक लांबरुंद टेबल. त्यावर भिंग अडकवायचं, एक सुई भिंगावरून हलकेच फिरायची आणि जागोजागची उंची नोंदवत जायची. नुसत्या त्या हजारो टिंबांतून माणसाला काही कळत नाही. म्हणून एक प्रोग्रॅम त्या टिंबांतून गुळगुळीत पृष्ठभाग बसवतो, जसा असायला हवा होता त्याच्याशी ताडून बघतो, आणि रंगीत नकाशा देतो. लाल म्हणजे टेकडी, निळा म्हणजे खड्डा, हिरवा म्हणजे बिनचूक. हा प्रोग्रॅम मोजणीबाईनेच निवडला होता. जगभरच्या लोकांनी हौसेने मिळून लिहिलेला, कोणीही उघडून बघावा, दुरुस्त करावा, वापरावा, पैसा लागत नाही. मालक म्हणाले होते, "फुकट आहे म्हणजे त्यात काहीतरी गोम असणार." तिने तासभर वाद घालून त्यांना पटवलं होतं. आणि पटवलं याचा तिला अभिमानही वाटला होता.

पहिल्याच आठवड्यात नानांच्या भिंगावर लाट दिसली. कडेजवळ एक टेकडी, तिच्या शेजारी खड्डा, पलीकडे परत एक बारकी टेकडी. दुसऱ्या भिंगावरही तीच. तिसऱ्यावरही.

"नाना, खुणेच्या उजवीकडे थोडं उंच राहतंय," ती जिन्यावरून नकाशा घेऊन खाली आली.

"अरेच्चा," नाना म्हणाले. त्यांनी नकाशा उजेडात धरला, भिंगाच्या कडेची खूण बघितली, आणि वाद न घालता घासायला बसले. संध्याकाळपर्यंत नकाशा एकसारखा हिरवा झाला. पास. भिंगं गिऱ्हाइकाकडे गेली.

आणि परत आली! गिऱ्हाईक म्हणे चित्र धूसर दिसतंय. मोजणीबाईने ती परत मोजली, तर यंत्र म्हणतंय भिंग उत्तम. पुढचीही परत आली. म्हणजे घासून आणलेलं भिंग यंत्राला वाईट दिसायचं, सुधारून दिलेलं गिऱ्हाइकाला वाईट दिसायचं, आणि ह्या दोन्हीच्या मधे एकच हात होता, नानांचा. कोणीही काय समजेल? मालकही तेच समजले. माणूस वाईट नव्हता हो. नानांना खुर्ची देऊन, चहा मागवून मग म्हणाले, "नाना, वय सगळ्यांचंच होतं. पुढच्या महिन्यापासून तुम्ही साधी भिंगं बघा. ह्या टेबलासाठी मी बाहेरून माणूस बोलावतोय."

नाना भांडले असते तर बरं झालं असतं. पण ते नुसते "बरं" म्हणाले. घरी येऊन त्यांनी सासूबाईंनाही सांगितलं नाही, सुनेनेच सांगितलं. त्या दिवसापासून ते कप दोन्ही हातांनी धरू लागले. आयुष्यभर घरी दाढी करणारा माणूस न्हाव्याकडे जायला लागला. डॉक्टरकडे जाऊन आले, डॉक्टर म्हणाले हात ठणठणीत आहे, तर नाना म्हणाले, "त्यांना काय कळतंय, त्यांच्याकडे नकाशा आहे का?" अहो, यंत्रावर एवढा विश्वास! जेवताना सुनेकडे बघून हसायचे, उगाच तिला वाईट वाटू नये म्हणून. ते हसणं तिला बघवत नसे.

सासूबाईंचं तसं नव्हतं. त्या तोंडावर बोलायच्या. "तुझं ते यंत्र आलं आणि माझ्या घरात म्हातारपण आलं," त्या एकदा भांडी आपटत म्हणाल्या. हिचा नवरा जहाजावर इंजिनात कामाला, फोन लागेल तेव्हा लागेल. रडायचं तरी कोणापाशी?

तर त्याच महिन्यात कधीतरी मोजणीच्या टेबलावरच्या पकडीचा स्क्रू तुटला. दुकानदार म्हणाला दोन दिवस लागतील. मोजणीबाईने भिंग तात्पुरतं टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाच्या पकडीत बसवलं आणि सुई सोडली. नकाशा आला आणि ती बघतच राहिली. टेकड्या दुप्पट मोठ्या झाल्या होत्या आणि जागाही सोडून गेल्या होत्या.

सुई सैल असेल म्हणून तिने सुई तपासली. भिंग काढून परत बसवलं. तेच. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने भिंग उचललं आणि टेबलाच्या ह्या कोपऱ्याजवळ, जिथून यंत्र मोजायला सुरुवात करतं त्या शून्याच्या अगदी लगत, हाताशी होते त्या ठोकळ्यांत अडकवून ठेवलं. लाट जवळजवळ नाहीशी झाली.

भिंग तेच, सुई तीच, बाई तीच. फक्त जागा बदलली होती.

खाली कपाटात एक जुनी नमुन्याची काच होती. साध्या बाकाची, चेंडूच्या कापासारखी. अशा काचेला यंत्र लागतच नाही: जोडीच्या काचेवर ठेवून पिवळ्या दिव्याखाली धरली की आत प्रकाशाची कडी दिसतात, आणि कडी गोल असली की काच बिनचूक. तिने धरली. कडी इतकी गोल आणि इतकी शांत होती की ती क्षणभर कशासाठी आली होती हेच विसरली. मग ती काच वर नेऊन तिने नेहमीच्या जागेवर मोजली. त्याही काचेवर यंत्राने लाट काढून दाखवली!

म्हणजे लाट काचेवर नव्हतीच. लाट आकड्यांत होती.

आता ही भानगड काय ते सांगतो, फार अवघड नाही. जुनं मोजणीचं उपकरण भिंगाच्या मध्यापासून मोजायचं. नवं यंत्र टेबलाच्या कोपऱ्यापासून मोजतं. समजा भिंग कोपऱ्यापासून चारशे मिलिमीटरवर आहे. पृष्ठभाग बसवताना प्रोग्रॅम त्या चारशेचा वर्ग करतो, घन करतो, असं करत करत आठव्या घातापर्यंत पोचतो. तो आकडा एकवीस अंकी होतो. आणि कॉम्प्युटरच्या लक्षात एका वेळी जेमतेम सोळा अंक राहतात. बाकीचे तो गुपचूप गाळतो, कोणाला सांगतही नाही. मग असले अजस्र आकडे एकमेकांतून वजा करून उरतं ते इवलंसं, आणि भिंगाचं खरं रूप नेमकं गाळलेल्या अंकांत राहून जातं. ट्रकवर माशी बसली आहे, तर ट्रकसकट वजन करून माशीचं वजन सांगा म्हटल्यासारखं. काटा काहीतरी सांगेलच की! आणि भिंगाची जात एक, ठेवायची जागा एक, म्हणून दर वेळी चूकही तीच, त्याच ठिकाणी. माणसाच्या हाताची खोड वाटावी अशी.

तिने हे सगळं प्रोग्रॅमच्या लोकांना लिहून कळवलं. मालकांना आणि नानांना मात्र पक्कं झाल्याशिवाय काही सांगायचं नाही असं ठरवलं, कारण गिऱ्हाइकाने भिंगं का परत केली हे अजून कळलं नव्हतं. त्या भागाची देखरेख करणारा जो कोणी होता त्याने स्वतःच्या फोटोऐवजी घुबडाचं चित्र लावलं होतं, म्हणून ती त्याला मनातल्या मनात घुबडराव म्हणायची. घुबडरावांचं उत्तर आलं: सगळ्या चाचण्या पास आहेत, तुमची सुई तपासा.

मोजणीबाई चिडली. पण चिडून तिने जे केलं ते शहाण्यासारखं केलं: त्या चाचण्याच उघडून बघितल्या. प्रत्येक चाचणीत एक गणित आणि शेजारी त्याचं बरोबर उत्तर. ती बरोबर उत्तरं आली कुठून? मागे मागे जात बघितलं तर कोणीतरी कधीकाळी हाच प्रोग्रॅम चालवून त्याचीच उत्तरं तिथे नेऊन ठेवली होती. हात्तिच्या! उत्तरपत्रिका पोराने लिहायची, आणि तपासायची कशाशी ताडून, तर त्याच पोराने आधी लिहिलेल्या उत्तरपत्रिकेशी. मग नापास कोण होणार?

तेव्हा तिने खरी उत्तरं काढायची ठरवलं. अपूर्णांक तसेच ठेवून, कुठेही एकही अंक न गाळता. अशा हिशोबाला फार वेळ लागतो. रविवारी कारखाना बंद असताना ती मालकांना विचारून वर जाऊन बसली, आणि कॉम्प्युटर दुपारभर पंखा गरगरवत राहिला. शेवटी उत्तरं आली, शेकडो अंकी अपूर्णांकांत, पानंच्या पानं भरून. तिने आयुष्यात इतकं खरं काही बघितलं नव्हतं. ती ती पानं वर-खाली सरकवत नुसती बघत बसली. यातला एक अंकही कोणी गाळला नव्हता.

ती उत्तरं तिने घुबडरावांना पाठवली. ह्या वेळी उत्तर यायला वेळ लागला, आणि आलं ते फक्त एवढंच: "बापरे. तुमचं बरोबर आहे. दुरुस्ती करणार का?"

तिने केली. दोनच गोष्टी, पण चिकट काम. पहिली, मोजणी कुठूनही सुरू झालेली असो, हिशोबाआधी शून्य उचलून मधोमध आणायचं आणि कडेपर्यंतच्या अंतराला एक म्हणायचं, म्हणजे घात कितीही वाढवले तरी आकडे अंगणाबाहेर जात नाहीत. दुसरी जरा नाजूक. सातवा घात आणि आठवा घात लांबून बघितले तर जुळी भावंडं. कोणाचं किती श्रेय, ह्यात प्रोग्रॅमचा गोंधळ व्हायचा. त्यांच्याऐवजी तिने असे आकार घेतले जे एकमेकांसारखे मुळीच दिसत नाहीत. घुबडरावांनी काय छळलं तिला! इथलं नाव बदला, तिथे समजावून लिहा, जुनी सवय असलेल्यांसाठी जुनी वाट उघडी ठेवा. ती डब्याच्या वेळेत बसून एकेक करत गेली. आणि मधेच अनोळखी माणसं डोकवायला लागली. समुद्राची पातळी मोजणारा एक जण म्हणाला, माझ्याकडेही अशीच एक लाट होती, मी तिच्यावर लेख लिहायला घेतला होता, वाचवलंत. कोणी बर्फाचे थर मोजणारी होती, कोणी बेडकाच्या हृदयाचे ठोके. त्या सगळ्यांच्या घरात तीच खोटी लाट शिरून बसली होती. मोजणीबाईला डब्यातला घास तोंडाकडे न्यायचंही भान राहिलं नाही. कुठे तो बर्फ, कुठे नानांचा अंगठा!

दुरुस्ती आत घेताना घुबडरावांनी खाली लिहिलं: "या ओळी मी कॉलेजात असताना लिहिल्या होत्या. तेव्हा मला वाटायचं, सगळेच लोक शून्याजवळ मोजतात." तिला एकदम त्यांच्याबद्दल माया वाटली.

तोवर महिना संपत आला होता. बाहेरचा माणूस सोमवारी येणार होता. शुक्रवारी दुपारी तिने नानांच्या भिंगांच्या साठवलेल्या सगळ्या मोजण्या काढल्या आणि नव्या प्रोग्रॅममधून सोडल्या. नवं यंत्र आल्यानंतरची पहिली भिंगं, ज्यांच्यावर लाट दिसली होती आणि जी तिने सुधारायला खाली पाठवली होती, ती आली. एकसारखी हिरवी. टेकडी नाही, खड्डा नाही. नानांनी ती पहिल्यापासूनच बिनचूक करून दिली होती! तिला धावत खाली जावंसं वाटलं.

पण पुढची मोजणी आधीच पडद्यावर उतरत होती. सुधारून दिलेली भिंगं. गिऱ्हाइकाने परत केलेली. आणि त्यांच्यावर लाट होती. खरी लाट, काचेतली. लाल, निळा, लाल.

तिने तीच मोजणी परत सोडून बघितली, परत तेच. म्हणजे हात बिघडला होता? गिऱ्हाइकाचं खरं होतं? आधी चांगला आणि मग लगेच बिघडला? मालकांना हे दाखवलं तर ते सोमवारची गोष्ट कशाला बदलतील? आणि नानांना काय सांगायचं, की तुमची चांगली भिंगं मी वाईट ठरवली आणि मग तुम्ही खरोखरची वाईट केलीत?

जिन्यावर पावलं वाजली. चपला काढल्याचा आवाज आला. नाना दारात उभे होते. ते कधी वर येत नसत.

"खाली यायचं थांबलीस, वर काहीतरी शोधत बसतेस म्हणून आलो," ते म्हणाले. "काय निघालं? खरं सांग. माझ्यासाठी मऊ करून सांगू नकोस."

तिने खुर्ची दिली. मग दोन नकाशे शेजारीशेजारी लावले. एक, जुन्या प्रोग्रॅमने दाखवलेली खोटी लाट. दुसरा, त्यानंतर काचेत सापडलेली खरी लाट. बोटाने दाखवणार, तेवढ्यात तिचंच बोट हवेत थांबलं.

पहिल्यात जिथे लाल होतं, तिथे दुसऱ्यात निळं होतं. पहिल्यात जिथे निळं, तिथे दुसऱ्यात लाल. पलीकडची बारकी टेकडीसुद्धा, पलीकडचा बारका खड्डा होऊन बसली होती. तिने कॉम्प्युटरला दोन्ही नकाशांची बेरीज करायला सांगितली. पडदा क्षणभर कोरा झाला आणि मग एकसारखा हिरवा आला, कडेपासून कडेपर्यंत.

"नाना," ती म्हणाली आणि तिने पडद्याकडे बोट केलं.

"अगं, काय झालं?"

"नाना, ही लाट काचेवर कधी नव्हतीच. प्रोग्रॅमची चूक होती, मी निवडलेल्या प्रोग्रॅमची. मी तुम्हाला सांगितलं इथे टेकडी आहे, आणि तुम्ही ती घासलीत. नसलेली टेकडी. म्हणून तिथे खड्डा पडला, आणि मधली न घासलेली जागा टेकडी होऊन राहिली."

"म्हणजे मी चांगलं भिंग बिघडवलं."

"मी सांगितलं म्हणून. पण तुम्ही बघा तरी! जेवढी टेकडी खोटी, तेवढाच खड्डा खरा. जिथे सांगितली तिथेच. सगळ्या भिंगांवर. केसाची जाडी असते ना, तिचा हजारावा भाग आहे हा, आणि तुम्ही तो अंगठ्याने बरोब्बर मोजून काढलाय. कारखान्यातल्या कुठल्याही मशीनला हे जमत नाही. बिघडलेला हात हे करू शकतो का, सांगा तुम्हीच!"

नाना पडद्याजवळ गेले. चष्मा कपाळावर सरकवून, नाक पडद्याला लागेल इतक्या जवळून त्यांनी एक नकाशा बघितला, मग दुसरा, मग परत पहिला. बोटाने हवेतच टेकडीभोवती फिरवून पाहिलं, जसं ते घासताना फिरवत तसं. खाली कोणीतरी मशीन बंद केलं आणि एकदम शांत झालं.

"त्या बारक्या टेकडीला मी तीनच फेऱ्या दिल्या होत्या," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं होतं जास्त होतील की काय."

"नाही झाल्या, नाना."

ते खुर्चीत बसले. उजवा हात त्यांनी डाव्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याच्या लाल झालेल्या घट्ट्यावरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. मोजणीबाई तर आधीच रडत होती. मालकांना दाखवायला हवं, सोमवारचा माणूस थांबवायला हवा, हे तिला कळत होतं, पण उठवत नव्हतं.

"महिनाभर," नाना म्हणाले, "महिनाभर मी ह्या हाताला काय काय बोललो गं."